पौलाच्या नावावर मोडलेलं लग्न

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. टाळत आलो म्हणणंही तितकंसं खरं नाही. सांगत आलो, पण खोटी सांगत आलो. आमच्या चर्चच्या मंडळीत माझी रूथआत्या म्हणजे एक उदाहरण आहे. ऐन तारुण्यात विधवा झाली, चांगलं स्थळ चालून आलं, पण बायबलमधल्या पौलाचा उपदेश मानून तशीच राहिली आणि सगळं आयुष्य प्रभूला दिलं, असं आमच्याकडे सांगतात. ही कथा मूळ माझीच. परवा आमच्या तरुण पाळकांनी मला लग्न ठरलेल्या जोडप्यांच्या वर्गात बोलायला बोलावलं. "अंकल, बायबलमधलं लग्न आणि पावित्र्य यावर तुमच्या एक्स्पीरियन्समधून काहीतरी सांगा." मी आत्याचं उदाहरण दिलं. समोरच्या एका मुलीने विचारलं, "अंकल, तुमच्या आत्यांना खरंच लग्न करायचं नव्हतं का?" मी पाणी प्यायलो, घड्याळाकडे पाहिलं आणि प्रार्थना करून वर्ग संपवला. बदलापूरच्या या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन लिहायला बसलो तर बायको विचारते, "काय लिहिताय?" म्हटलं, "आत्याचं लग्न." ती म्हणाली, "कुठलं लग्न?" तेच तर.

तेव्हा आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. दोन खोल्या, वर पत्रा. बाबा कारखान्यात पाळीवर, आई उल्हासनगरच्या शाळेत बाई, आणि घर म्हणजे आत्या. बाबांची धाकटी बहीण. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा तापाने गेला, आणि ती ट्रंक घेऊन भावाकडे आली ती राहिलीच. तिच्याआधीचं घर मला आठवतच नाही. सकाळी डोळे उघडण्याआधी दोन आवाज कानावर यायचे, स्टोव्हचा फुरफुराट आणि तिच्या शिलाई मशीनचा खडखडाट. रात्रपाळी करून आलेले बाबा त्या गदारोळात तोंडावर चादर ओढून गाढ झोपायचे आणि मशीन थांबलं की दचकून जागे व्हायचे. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका सिंधी शेटकडून ती कटपीसचे गठ्ठे आणायची आणि परकर शिवून द्यायची. त्याच्याशी ती सिंधीत भांडायची. तिला सिंधी येत नव्हतं, भांडण येत होतं. "साईं, हे कापड आहे की जाळं? मच्छी धरायची का याने?" शेट मराठीत उत्तर द्यायचा, "रूथबाई, तू धंद्यात आली असती तर आम्ही सगळे उपाशी मेलो असतो." आणि तिचं बोंबलाचं कालवण! रविवारी उपासनेला निघण्याआधी ते करून ती झाकून ठेवायची. पाद्रीसाहेबांचा उपदेश लांबला की आमच्या बाकावरचे सगळे त्या पातेल्याचा विचार करत डोळे मिटून बसायचे. बाकीच्यांना वाटायचं, काय भक्ती आहे या कुटुंबात.

मी सतरा वर्षांचा होतो आणि पवित्र होतो. वचनांच्या पाठांतराच्या स्पर्धेत मला कोणी हरवत नसे. पौलाची पत्रं तर मला पाढ्यांसारखी यायची. त्या उन्हाळ्यात तरुणांसाठी पुण्याहून एक वक्ते आले. विषय होता ख्रिस्ती तरुण आणि शरीराचं पावित्र्य. मुलगे डावीकडे, मुली उजवीकडे, आणि मधल्या वाटेवर सीमेवरच्या शिपायासारख्या पाद्रीणबाई विणकाम घेऊन. वक्ते भले गृहस्थ होते, पण मूळ मुद्द्यापाशी आले की त्यांना खोकला यायचा. "विवाहाबाहेर जे आहे ते पाप आहे," एवढं खणखणीत म्हणायचे, आणि "परंतु विवाहामध्ये..." म्हटलं की खोकला. मग पाणी. मग, "हे देवाचं दान आहे." लग्न झालेल्यांना देव खोकला दान देतो, अशी समजूत करून घेऊन आम्ही त्या दिवशी घरी गेलो. शरीर म्हणजे पवित्र आत्म्याचं मंदिर, हे पौलाचं म्हणणं ते समजावत होते तेव्हा माझ्या मित्राने, योनाने, हात वर केला. "सर, मंदिरात न जाता नुसतं बाहेरून दर्शन घेतलं तर?" पाद्रीणबाईंचे दोन टाके सुटले. वाईट नजरेने पाहणं हाही व्यभिचारच, हे येशूचं बोलणं वक्त्यांनी ऐकवलं आणि योना खाली बसला. चर्चमधल्या बाकांवरच्या बायबलांत 'गीतरत्न' हे प्रेमगीतांचं पुस्तक कोणी न उघडताच उघडायचं, इतकी त्याची पानं मळलेली असायची. मी ते वाचत नसे. म्हणजे एकदाच वाचलं होतं, पण सबंध.

त्या सभेनंतर मी घरादाराला छळलं. भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या बिनबाह्यांच्या नटीला मी कागद कापून बाह्या चिकटवल्या. आत्याने भाकरी थापता थापता ते पाहिलं. "काय रे शमू, तिला थंडी वाजत होती का?"

"आत्या, हसू नकोस. शरीर पवित्र ठेवायला पाहिजे."

"ठेव की. आधी कानामागचा मळ काढ."

दानियलराव आमच्याकडे यायला लागले ते साधारण तेव्हाच. बदलापूर गावात त्यांची बेकरी होती. चाळिशीतला गोल माणूस, बायको वारलेली, मूलबाळ नाही. विनोद सांगण्याआधी स्वतःच हसायचे, त्यामुळे विनोद कधी पूर्ण ऐकायला मिळायचा नाही. पुरुषांच्या सभेत बाबांशी ओळख झाली आणि मग दर रविवारी ते सायकलच्या हँडलला नानकटाईची पिशवी अडकवून यायचे. "सलाम, मंडळी!" दारातूनच. पिशवी माझ्या हातात द्यायचे, डोळे मात्र आतल्या खोलीकडे. आत मशीनचा खडखडाट एकदम वाढायचा. आत्या बाहेर यायची ती केस सारखे करून, जांभळी साडी नेसून. ती साडी एरवी फक्त नाताळला निघायची. आम्हाला सगळ्यांना कळत होतं आणि सगळे जण नानकटाई खात होते.

एक दिवस आत्या गठ्ठा आणायला कॅम्प दोनला गेली असताना आई आणि बाबा बोलत होते. मी पुस्तक तोंडासमोर धरून बसलो होतो.

"माणूस चांगला आहे," बाबा म्हणाले.

"चांगलाच आहे. मी कुठे नाही म्हटलं?" आई वह्या तपासत होती. "फक्त मी शाळा सोडायची की तुम्ही पाळी सोडायची, ते ठरवा."

"तसं कशाला? होईल काहीतरी."

"काहीतरी म्हणजे मीच ना?"

आत्याला लग्न करू नको असं त्या दोघांनी कधीही म्हटलं नाही, हे मला त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी कधी काहीच म्हटलं नाही.

मग आत्या बेकरी बघायला निघाली. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून सोबत मला घेतलं. बदलापूर तेव्हा गावच होतं. माझ्या आजच्या खिडकीतून नुसते टॉवर दिसतात. तेव्हा तिथे भाताची खाचरं होती. बारवीकडच्या पाड्यांतल्या कातकरी बायका डोक्यावर मोळ्या घेऊन भट्टीपाशी उभ्या होत्या, एकीच्या पाटीत पानांचे द्रोण आणि द्रोणांत जांभळं. दानियलरावांनी आम्हाला स्टुलं दिली. आत्या बसली नाही. तिने भट्टीच्या तोंडाशी हात धरून आच पाहिली, पिठाचं पोतं दाबून पाहिलं, एक पाव मोडला आणि नाकाशी नेला.

"दानियलराव, तुमचा पाव वरून राजा आहे, आतून भिकारी."

ते आधी हसले, मग म्हणाले, "आत बघणारं कोणी नाही ना, रूथबाई."

आत्याने पदराचं टोक घेतलं आणि त्यांच्या कानाला लागलेलं पीठ पुसलं. सहज, माझं नाक पुसायची तसं. मोळीवाल्या बायकांतली एक दुसरीला म्हणाली, "आवं बग, पुसून टाकलंन पीठ," आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मला तिथल्या तिथे तो सगळा खोकला आठवला. हे विवाहाबाहेर होतं! परतताना आत्याने जांभळं घेतली. निम्मी तिनेच खाल्ली आणि जीभ काढून मला दाखवली. "जांभळी झाली का रे?" तेहतीस वर्षांची बाई, भर रस्त्यात.

"आत्या, तू तिकडे जाणार?"

"बदलापूर म्हणजे काय अमेरिका आहे? पुढचंच स्टेशन. येत जा की. पाव फुकट."

मी हसलो नाही. मला एकदम दिसलं, सकाळी मी उठलोय आणि घरात कुठलाच आवाज नाही.

आमच्याकडे लग्न चर्चमध्ये पुकारायची पद्धत आहे. लागोपाठ तीन रविवार पाद्रीसाहेब नावं वाचतात आणि विचारतात, कोणाची हरकत आहे का. दानियलरावांनी मागणी घातली होती, आणि पहिल्या पुकाराआधी आत्याचं उत्तर हवं, म्हणून पाद्रीसाहेबांनी आमच्याच घरी प्रार्थना ठेवली. गीत होईल, शास्त्राचा उतारा वाचायचा, मग आत्या चारचौघांत हो म्हणेल आणि चहा. पाद्रीसाहेब म्हातारे आणि साधे होते. मला म्हणाले, "शमुवेल, लग्नाविषयीचा एखादा उतारा तूच निवड. तुझं तर सगळं पाठ आहे."

सगळं पाठ होतं, इथेच घोटाळा आहे. माणूस एकटा असणं बरं नाही, हे देवाचं उत्पत्तीतलं म्हणणं मला पाठ होतं. लग्न सर्वांनी आदरणीय मानावं, हे इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रातलं पाठ होतं. तीमथ्याला लिहिताना तरुण विधवांनी लग्न करावं असं पौल स्वतः सुचवतो, तेही पाठ होतं. मी पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र, अध्याय सात उघडला.

शेजारच्यांच्या खुर्च्या आणल्या होत्या. पाद्रीसाहेब खुर्चीत, आई-बाबा पलंगावर, दानियलराव दारापाशी मांडीवर पिशवी धरून, आणि आत्या मशीनच्या स्टुलावर, जांभळ्या साडीत. मी उभा राहिलो. आवाज माझा चांगला होता. अविवाहितांनी आणि विधवांनी पौलासारखं एकटंच राहणं बरं, हे आठवं वचन मी वाचलं. नववं गाळलं. त्यात पौल म्हणतो की संयम राहत नसेल तर लग्न करावं, जळत राहण्यापेक्षा ते बरं. तिथून मी उडी मारली ती थेट अध्यायाच्या शेवटी. नवरा मेल्यावर बाई मोकळी आहे, तिने प्रभूमध्ये हवं त्याच्याशी लग्न करावं, हे एकोणचाळिसावं गाळलं. आणि ती तशीच राहिली तर अधिक सुखी होईल, हे चाळिसावं वाचलं. त्यातसुद्धा पौलाने प्रामाणिकपणे 'माझ्या मते' म्हटलंय. ते मी गिळलं. दोन सोडून दिलेल्या जागा मी अशा सफाईने जोडल्या की आत्याने कटपीस जोडावेत तशी शिवण दिसूच नये.

पाद्रीसाहेबांनी चष्मा वर केला, मांडीवरच्या बायबलात बोट फिरवलं. आई पदराची किनार बघत होती. शाळेत बायबलचा तास घेणारी माझी आई! बाबा छताकडे पाहत होते. दर रात्री आम्हाला एक अध्याय वाचून दाखवणारे माझे बाबा. आत्या मात्र सगळ्यांकडे बघत होती, एकेकाकडे, सावकाश. शेवटी पाद्रीसाहेब म्हणाले, "शमुवेल, याच्या मधे आणखी..."

"राहू द्या, पाद्रीसाहेब," आत्या म्हणाली. "पोराने वाचलं ना." मग दाराकडे वळून, "दानियलराव, मी आहे तशीच बरी."

दानियलराव तेव्हा हसले नाहीत. "जशी प्रभूची इच्छा," एवढंच म्हणाले. मग उठून त्यांनी पिशवी उघडली आणि सगळ्यांना नानकटाई वाटली. वाचन चांगलं झालं म्हणून मला एक जास्त दिली. मी खाल्ली.

त्या वयात मला वाटत होतं की मी आत्याला पावित्र्याच्या मार्गावर ठेवलं. खरं म्हणजे मी तिला स्वयंपाकघरात परत पाठवलं होतं. पौल बिचारा त्याच अध्यायात निक्षून सांगतो की लग्न करणारा पाप करत नाही, आणि हे ज्याचं त्याला मिळालेलं दान आहे. तो कोणाच्या गळ्यात फास टाकत नाही. फास मी टाकला आणि नाव त्याचं सांगितलं. आम्ही पोरं समजत होतो की शरीराचं पावित्र्य म्हणजे डोळे खाली घालून चालणं. परवा त्या वर्गात मी सांगायला हवं होतं की बायबल पुरुषाला आणि बाईला एकदेह व्हायला सांगतं तेव्हा आधी आईबापाचं घर सोडायला सांगतं, आणि त्या घरानेही त्यांना सोडायचं असतं. व्यभिचार करू नको, ही आज्ञा मी जन्मभर पाळली आहे. एक चांगलं लग्न मात्र होण्याआधीच मोडलं.

माझं स्वतःचं लग्न मी चोविसाव्या वर्षी केलं, पूर्णपणे नवव्या वचनाच्या आधारावर. हळदीच्या दिवशी अंगणात बायका गाणी म्हणत होत्या आणि आत्या माझ्या तोंडाला हळद फासत होती. तोंडं अगदी जवळ होती. ती हळूच म्हणाली, "काय रे शमू, माझ्या नावाचं अख्खं पुस्तक आहे बायबलात. विधवेचंच. तिचं चांगलं बवाजाशी लग्न होतं. त्या दिवशी तेवढंच नाही का सापडलं तुला?"

माझ्या अंगावर हळद होती म्हणून बरं. रंग उडालेला कोणाला दिसला नाही. "आत्या, तुला माहीत होतं?"

"मला वाचता येतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मी बघत होते," ती म्हणाली. "त्या खोलीत कोणी नववं वचन म्हणतंय का. एकाने जरी म्हटलं असतं ना, तर मी दोनदा हो म्हटलं असतं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने एक मूठ हळद माझ्या कानात कोंबली. "गप बस, हळद जाते तोंडात," आणि सगळ्यांबरोबर मोठ्याने गाऊ लागली.

त्यानंतर माफी मागायचं मी कितीदा ठरवलं. तिच्या सुया ओवून देताना, तिला दवाखान्यात नेताना, पहिल्यांदा या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये ती घाबरून माझा हात धरून उभी राहिली तेव्हा. प्रत्येक वेळी ती काहीतरी मस्करी करायची आणि मी तेवढ्यावर सुटायचो. तिची मस्करी मला सुटका वाटायची. ती मला वाट करून देत होती की अडवत होती, हे मला अजून कळलेलं नाही. ऐंशी ओलांडून ती गेली, झोपेतच.

अंत्यविधीला मंडळीचा वडील, म्हणजे चर्चचा पंच, म्हणून मी बोललो. सत्य सांगायचं असं ठरवून उभा राहिलो, समोर सगळी मंडळी पाहिली आणि माझा आवाज मला ऐकू आला, तोच जुना, चांगला आवाज. आत्याने स्वतःहून पौलाचा मार्ग निवडला, असं मी म्हणालो. लोक रडले. बाहेर फाटकापाशी एक फार म्हातारा माणूस नातवाच्या खांद्यावर हात ठेवून माझी वाट बघत होता. दानियलरावांनी पुढे कर्जतच्या एका चांगल्या बाईशी लग्न केलं होतं, मुलं-नातवंडं होती, बेकरीचं केकचं दुकान झालं होतं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"छान बोललात, शमुवेल. बरं वाटलं," ते म्हणाले. "मला इतकी वर्षं वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी असणार. नाहीतर बेकरीत पदराने माझ्या कानाचं पीठ पुसलं होतं, मग नाही का म्हणाली? आज कळलं. प्रभूसाठी म्हणाली."

सगळं माझ्या जिभेवर होतं. नातू रिक्षाकडे बघत होता. मी म्हणालो, "चहा घेतल्याशिवाय जाऊ नका."

त्यांनी चहा घेतला आणि ते गेले. पुढच्याच वर्षी कायमचे गेले. तेव्हा फाटकापाशी उभं राहून जे म्हणायचं होतं ते फार नव्हतं. दानियलराव, तुमच्यात काही कमी नव्हतं. आत्या तुम्हाला हो म्हणायलाच बसली होती. नाही मी म्हटलं. तिचीही माफी राहिली आणि तुमचीही. मला माफ करा.